मुंबई ते लंडन : किती शिदोऱ्यांचे अंतर?

आमच्या मातोश्रींना घरात आणि भावकीत सर्वजण आक्का म्हणत. आक्काचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत झाले होते. परंतु हिशेबात ती कोणाला हार जात नसे. अंतर मोजण्याची तिची स्वतःची एक पद्धत होती. कोस, मैल आणि किलोमीटर ही परिमाणे तिच्या हयातीत एकामागून एक आली; तिने त्यांपैकी एकही फारसे मनावर घेतले नाही. ती अंतर शिदोरीने मोजत असे. शिरोळ तालुक्यातील तिचे माहेर सांगलीहून एका शिदोरीचे होते. कारण पहाटे निघालेली बैलगाडी नदीकाठी एकदा सोडावी लागे. १९६७ साली श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकासाठी घरातील मंडळी गेली, तो प्रवास तिच्या हिशेबी पाच शिदोऱ्यांचा होता. वाटेत किती वेळा खावे लागते, म्हणजेच घरातून निघालेला माणूस पुन्हा घरच्या ताटावर बसेपर्यंत किती काळ जातो, हे तिच्या लेखी अंतर होते.

२०१४ साली आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त लंडनला गेले, तेव्हा आक्काने मला विचारले, ‘‘लंडन किती शिदोऱ्यांचं रं?’’

मी बँकेतून नुकताच निवृत्त झालो होतो आणि उत्तर देण्यास माझ्यापाशी भरपूर वेळ होता. मी हसून म्हणालो, ‘‘आक्का, एकही लागत नाही. विमानात जेवण देतात.’’

तिला हे उत्तर आवडले नाही. ‘‘म्हंजे तुला ठाऊक न्हाई,’’ ती म्हणाली.

हा प्रश्न नीट सोडवावा असे ठरवून मी चिरंजीवांच्या शाळकरी वयातील पृथ्वीगोल माळ्यावरून काढला, एक धागा घेतला आणि त्याचे एक टोक मुंबईवर व दुसरे लंडनवर धरून ताणला. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर मुंबई–लंडन रेघ अरबस्तान आणि भूमध्य समुद्राच्या बाजूने जाताना दिसते. गोलावरचा धागा मात्र अधिक उत्तरेकडे सरकतो. तो जवळजवळ कराचीवरून निघून बलुचिस्तान, इराण, अझरबैजान व जॉर्जिया ओलांडतो आणि काळ्या समुद्राच्या बाजूने युक्रेन, पोलंड व जर्मनीवरून लंडनला पोहोचतो. गोलावरील दोन बिंदूंमधील हाच सर्वांत जवळचा मार्ग होय. त्याची लांबी सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत सांगतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर; त्या मापाने ते सुमारे ३,८९० होते.

आक्काने धागा हातात घेतला, अंगठा व करंगळी ताणून मोजला आणि म्हणाली, ‘‘वीतभर तर हाय.’’

त्या दिवसापासून आमच्या घरात लंडन हे वीतभर अंतरावरचे गाव झाले. आज मागे वळून पाहताना वाटते की, मीसुद्धा त्या वितीवर अधिक विश्वास ठेवला.

अंतर कळल्यावर वेळ काढणे सोपे आहे, अशी माझी समजूत होती. मोठे प्रवासी विमान साधारण साडेदहा किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जाते. ७,२०० भागिले ९०० म्हणजे ८ तास. प्रत्यक्षात मुंबईहून लंडनला जाणाऱ्या विमानाच्या तिकिटावर साडेनऊ ते दहा तासांचा कालावधी असतो, आणि परत येणाऱ्या विमानाच्या तिकिटावर साडेआठ ते नऊ तासांचा. बँकेत चाळीस वर्षे घालवलेल्या माणसाला ताळा जमला नाही की झोप लागत नाही. हा दीड-दोन तासांचा फरक कोठे जातो, याचा मी शोध घेऊ लागलो.

काही भाग जमिनीवरच जातो. तिकिटावरचा कालावधी हा केवळ उड्डाणाचा नसतो. विमान आपल्या उभ्या जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागी थांबेपर्यंतचा तो सगळा वेळ असतो. त्या व्यवसायात त्यास ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोहोंचा एकाच वेळी स्वतंत्र उपयोग करता येत नाही, आणि विमानांना रांगेत उभे राहावे लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरही धावपट्ट्या दोनच आहेत आणि वर्दळ मोठी आहे. त्यामुळे उतरण्याआधी विमाने शहराच्या आसपास ठरलेल्या चार ठिकाणी एकावर एक अशा थरांत घिरट्या घालत आपल्या पाळीची वाट पाहतात. अनुभवी कंपन्या हा विलंब गृहीत धरूनच वेळ छापतात.

दुसरा भाग वळणांत जातो. धाग्याचा मार्ग विमानाला नेहमी मिळत नाही. आकाशालाही सरहद्दी आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना बंद झाले. एप्रिल २०२५ पासून पाकिस्ताननेही आपले आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केले. अशा वेळी विमान धागा सोडून दक्षिणेकडून वळसा घेते.

उरलेला भाग वाऱ्याचा, आणि तो मला सर्वांत मनोरंजक वाटला. माझे एक निवृत्त सहकारी ठामपणे सांगत असत की, पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. म्हणून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाखाली लंडन आपोआप सरकत येते आणि तिकडे जाणे लवकर झाले पाहिजे. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. पृथ्वीबरोबर तिचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच असते. धावत्या रेल्वेच्या डब्यात वर फेकलेले नाणे जसे पुन्हा हातातच पडते, तसेच हे होय. खरा फरक पडतो तो जेट प्रवाहामुळे. उष्ण कटिबंध आणि थंड ध्रुवप्रदेश यांच्या तापमानातील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन या दोहोंतून सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी वाऱ्याची एक नदीच तयार होते. हिवाळ्यात तिचा जोर वाढतो; काही वेळा तो ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक असतो. लंडनकडे जाणारे विमान या प्रवाहाविरुद्ध जाते, आणि मुंबईकडे येणाऱ्या विमानास तोच प्रवाह पाठीमागून ढकलतो. माणसाला परदेशी जाताना वेळ जास्त लागतो आणि घरी येताना कमी, हे आक्काला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘‘बैलांचंबी तसंच असतंय. घराकडं तोंड केलं की पळत्यात.’’

या अंतराचा इतिहासही मी त्या निमित्ताने वाचला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यानंतर मुंबईची माणसे बोटीने दोन-तीन आठवड्यांत विलायतेस पोहोचू लागली. त्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालताना महिनेच्या महिने जात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल घेऊन एक लहान विमान स्वतः चालवत आणले. लंडनहून कराचीपर्यंत विमानाने येणारे टपाल त्यामुळे पुढे मुंबई व मद्रासपर्यंत हवाईमार्गे जाऊ लागले. गोलावरचा माझा धागा कराचीवरून गेला, तेव्हा या इतिहासाची आठवण होऊन मी थोडा वेळ तसाच बसलो. पुढे ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून निघून कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. १९६० साली बोईंग ७०७ या जेट विमानांची सेवा सुरू झाली आणि तासांचा हिशेब आणखी आटोपशीर झाला.

आठवड्यांचे दिवस झाले आणि दिवसांचे तास झाले. चिरंजीव दर वर्षी एकदा येत. व्हिडिओ कॉलवर आक्का नातवाला रोज पाहत असे. ‘‘जेवलास का?’’ हा तिचा पहिला प्रश्न आणि ‘‘तिथं आता किती वाजले?’’ हा दुसरा. हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हे तिने पाठ केले होते. लंडन आता पुण्यासारखेच झाले आहे, असे मी पाहुण्यांना सांगत असे. त्यात थोडा अभिमान होता, आणि पुष्कळसा निष्काळजीपणा.

डिसेंबर २०२२ मध्ये एका पहाटे सव्वापाच वाजता आक्का गेली. वय ८७ होते; दुखणे चार दिवसांचे. आदल्या रात्रीपर्यंत डॉक्टरांनी धीर दिला होता, म्हणून मी चिरंजीवांना निघण्यास सांगितले नव्हते. मी फोन केला तेव्हा लंडनमध्ये आदल्या दिवसाच्या रात्रीचे पावणेबारा वाजले होते. मुंबईकडे येणारी रात्रीची विमाने सुटून गेली होती. पहिले मिळण्यासारखे विमान सकाळी पावणेदहाचे होते.

त्या पहाटे अंगणात खुर्च्या मांडल्या जात असताना मी आतल्या खोलीत वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. ते पान अजून माझ्याजवळ आहे. लंडनमध्ये घरी आणि विमानतळावर थांबणे, १० तास. विमान, ९ तास. मुंबईत उतरल्यावर पारपत्राची तपासणी, सामान व गाडी, दीड तास. मुंबई ते सांगली रस्त्याने सुमारे पावणेचारशे किलोमीटर, साडेसात तास. कोल्हापूरचा विमानतळ जवळ आहे. पण मध्यरात्री मुंबईत उतरलेल्या प्रवाशाला त्याचा उपयोग नव्हता. एकूण २८ तास. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊ.

७,२०० किलोमीटरला ९ तास आणि उरलेल्या वीतभरसुद्धा नसलेल्या टापूला १९ तास! पूर्वी आमच्या बँकेत तारेने पैसे पाठवण्याची सोय होती. मुंबईहून पाठवलेली रक्कम तारेने काही मिनिटांत येई. परंतु शाखा बंद असली, तर ग्राहकाच्या हाती ती दुसऱ्या दिवशीच पडे. तार किती वेगाने आली, याचे त्या ग्राहकाला काहीही कौतुक नसे. असे कितीतरी ग्राहक मी काउंटरपलीकडे पाहिले होते. त्या पहाटे मी स्वतः त्यांच्या बाजूला उभा होतो.

आपल्याकडे देह फार वेळ ठेवू नये, असे मानतात. वडीलधारी मंडळी जमली होती. दूरचे पाहुणे परत जाण्याच्या गाड्या विचारत होते. मी चिरंजीवांना पुन्हा फोन केला आणि म्हणालो, ‘‘दुपारी दोन वाजता करून घेतो. तुला पोहोचायला अठ्ठावीस तास लागतील. तू सावकाश ये.’’

पलीकडून ‘‘बरं, बाबा’’ एवढाच शब्द आला.

दुपारी दोन वाजता अंत्यसंस्कार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊ नव्हे, तर नऊ वाजून चाळीस मिनिटांनी गाडी दारात उभी राहिली; घाटात वाहतूक होती. चिरंजीव आत आले, आक्काच्या रिकाम्या खाटेपाशी खाली बसले आणि बराच वेळ बसून राहिले. सौभाग्यवतींनी ताट वाढले, तेव्हा कळले की त्यांनी लंडनमधून निघाल्यापासून काही खाल्ले नव्हते. ‘‘विमानात दोनदा दिलं. उघडलंच नाही,’’ ते म्हणाले. पूर्वेकडे येताना दिवस लहान होतो. विमान सुटल्यापासून चार तासांच्या आतच सूर्य मावळला आणि बाकीचा सगळा प्रवास अंधारातून झाला, असेही त्यांनी सांगितले. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनास ते होते. त्या आठ दिवसांत आमच्यात अंत्यसंस्काराच्या वेळेविषयी एक शब्दही निघाला नाही. मी समजत होतो की, हिशेब दोघांनाही पटला आहे.

पुढच्या वर्षी, मे २०२३ मध्ये, आम्ही उभयतां प्रथमच लंडनला निघालो. रात्री नऊ वाजता सांगलीहून बस, सकाळी मुंबई, दुपारी दीड वाजता विमान. सौभाग्यवतींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लाडू असे तीन वेगवेगळे डबे बांधले होते. तिकीट काढताना जैन भोजनाची नोंद केलेली आहे, त्यासाठी सर्व कंपन्यांमध्ये व्हीजेएमएल असा एक ठरलेला संकेत असतो, असे मी त्यांना परोपरीने सांगितले. ‘‘असू दे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘वाटेचं आपलं आपण घ्यावं.’’

माझी खिडकीची जागा होती. मुंबईचा किनारा मागे पडला आणि अरबी समुद्र लागला. पुढे इराणचे तपकिरी, सुरकुतलेले डोंगर तासन्‌तास सरकत राहिले. तुर्कस्तानच्या पूर्व भागात मे महिन्यातही शिखरांवर बर्फ होते. समोरच्या पडद्यावरील नकाशात विमानाची रेघ काळ्या समुद्राच्या दक्षिण भागातून रुमानियाकडे गेली. उत्तरेकडील युक्रेनवर एकही विमान दिसत नव्हते. गोलावर मी ज्या देशावरून धागा ताणला होता, त्याचे आकाश रिकामे होते. आणि तेथील कितीतरी घरांतील मुलांना आपल्या आईपर्यंत पोहोचण्यास किती तास लागत असतील, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

या प्रवासात सूर्याची गंमत अनुभवास आली. पृथ्वीचा फिरण्याचा वेग विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर असतो आणि उत्तरेकडे जावे तसा तो कमी होत जातो. लंडनच्या अक्षांशावर तो सुमारे १,०४० इतकाच राहतो. विमान पश्चिमेस ताशी ८००–९०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ते सूर्याच्या जवळजवळ बरोबरीने चालते. सूर्य पुढे जातो, पण फार हळू. सांगलीत सूर्यास्ताची वेळ सातची. सौभाग्यवतींच्या मनगटावरील घड्याळात सात वाजले, तेव्हा खिडकीबाहेर चार वाजल्यासारखे लख्ख ऊन होते.

सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा त्यांचा नियम चाळीस वर्षांचा आहे. त्यांनी सातच्या आधी तिसरा डबा उघडला, खाल्ला, पाणी प्यायल्या आणि डबा मिटला. उतरण्यापूर्वी दुसरे जेवण आले, तेव्हा मी बाहेरचे ऊन दाखवून म्हणालो, ‘‘सूर्य तर वर आहे. नियम मोडत नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘सकाळी ज्याला बघून घरातून निघालो, तो आपल्या गावात मावळला. उद्यापासून इथला बघू.’’ मी माझे जेवण निमूटपणे जेवलो.

लंडनच्या वेळेप्रमाणे पावणेसात वाजता विमान थांबले. चिरंजीवांच्या हॅरो येथील घरी पोहोचलो, तेव्हा साडेआठ झाले होते आणि ऊन अजून छपरांवर होते. मनगटावरील घड्याळात रात्रीचा एक वाजला होता. सांगलीतील दारापासून हॅरोमधील दारापर्यंत मी वेळ मोजली. योगायोगाने तीही बरोबर २८ तास भरली. डबे तीन रिकामे झाले होते. आक्काच्या प्रश्नाचे उत्तर तीन शिदोऱ्या असे होते. ते मिळण्यास मला नऊ वर्षे लागली.

हॅरो गावात एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावर जुने चर्च असून तेथून पुष्कळ दूरपर्यंत शहर दिसते. एका संध्याकाळी चिरंजीव व मी तेथील बाकावर बसलो होतो. दक्षिणेकडे हीथ्रोला उतरणारी विमाने एकामागून एक दिसत होती. मी त्यांना ब्लॉक टाइम, जेट प्रवाह आणि माझे २८ तास यांविषयी उत्साहाने सांगत होतो. ते ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘बाबा, त्या दिवशीचा तुमचा हिशेब बरोबर होता. मी आलो तेव्हा वीस-पंचवीस मिनिटांचाच फरक पडला. पण तुम्ही मला विचारलं नाहीत.’’

मी म्हणालो, ‘‘काय विचारायचं होतं?’’

‘‘थांबू का, एवढंच. मी कदाचित नको म्हणालो असतो.’’

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. शीतपेटीची सोय सांगलीत होती. २८ तास थांबणे अशक्य नव्हते. न थांबण्यासही पुरेशी कारणे होती आणि ती मला आजही पटतात. परंतु तो निर्णय आम्हा दोघांचा होता, आणि मी तो वहीच्या मागच्या पानावर एकट्याने घेतला होता. विमानाचा वेग, वाऱ्याची दिशा आणि घाटातील वाहतूक यांपैकी कशावरही माझा अधिकार नव्हता. विचारणे मात्र माझ्या हाती होते आणि त्यास एक मिनिट पुरले असते. मी तसे त्यांना सांगितले. ते म्हणाले, ‘‘ठीक आहे, बाबा.’’ त्यानंतर आम्ही अंधार पडेपर्यंत तेथे बसलो. तेथे मे महिन्यात तो फार उशिरा पडतो.

परत आल्यावर मी एक काम केले, आणि ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. आज आपल्या समाजातील क्वचितच एखादे घर असे असेल की, ज्यातील कोणी लंडन, दुबई, शिकागो किंवा निदान बंगळुरूस नाही. विमान किती तासांत पोहोचते, हे आपणा सर्वांना पाठ असते. माझी विनंती अशी की, प्रत्येक घराने आपापला दारापासून दारापर्यंतचा हिशेब एकदा कागदावर मांडावा. दिवसातील कोणत्या वेळी बातमी गेली तर पहिले विमान कोणते, उतरल्यावर गावापर्यंत वाहन कोणते, पारपत्राची मुदत कधी संपते, आणि परदेशातून निघताना तेथील परवानगीची काही अडचण येईल का, हे सर्व त्यात असावे. आजारपणात ‘बघू, दोन दिवसांनी कळवू’ असे म्हणण्यापूर्वी त्या कागदाकडे पाहावे. आणि त्याच कागदावर, घरातील सर्वांशी बोलून, थांबायचे की नाही हेही लिहावे. हे बोलणे जड जाते. आम्हालाही गेले.

आम्ही दोघांनी चिरंजीवांशी फोनवर बोलून आमचा कागद तयार केला. माझ्यापुरते मी लिहिले आहे की, थांबू नये. सौभाग्यवतींनी आपल्या हाताने त्याखाली लिहिले, ‘‘माझ्यासाठी थांबावे. तो येऊ दे.’’ चाळीस वर्षांच्या संसारात एवढा मतभेद चालायचाच.

तो कागद आक्काच्या खोलीतील कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. सर्वांत वर मुंबई–लंडन ७,२०० किलोमीटर, विमानाचे जाताना पावणेदहा तास, येताना ९ तास आणि एकूण २८ तास, असे माझ्या अक्षरात आहे. त्याच्या शेजारी सौभाग्यवतींनी कंसात ‘तीन शिदोऱ्या’ असे लिहून ठेवले आहे.